गाडीखालून गाडीत

गाड्याखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडा आपणच ओढतोय. ही म्हण आपण फुशारक्या मारणाऱ्या माणसांना लावतो आणि कुत्र्याला विसरून जातो. पण त्या म्हणीत बैलगाडीच्या काळाची एक नोंद आहे. कुत्र्याची जागा गाडीत नव्हती, गाडीखाली होती. विदर्भातल्या वैशाखात मैलोन् मैल सोबत चालणारी सावली तेवढीच. दख्खनच्या 'कारवानी' जातीचं नावही कारवाँवरूनच आलेलं. माल गाडीत, माणसं गाडीवर आणि कुत्रं पायी, अशी वाटणी होती. त्यामुळे कुत्र्याला गाडीत चढायला शिकवायचा प्रश्नच कुणाला पडला नाही.

अपवाद होते, पण ते राजाघरचे. ग्रँट डफच्या 1826 सालच्या मराठ्यांच्या इतिहासात साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची हकीकत येते. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनदा काढून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. पालखीचा सगळा सरंजामही ठेवला गेला. एकदा तर त्याला जरीची वस्त्रं नि दागिने घालून, स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवून महाराजांनी दरबार भरवला. परंपरा या कुत्र्याला खंड्या म्हणते आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवते. डफने हे सगळं लहरीपणाच्या खात्यावर टाकलं आहे. आम्हा नागपूरकरांना मात्र ते परकं वाटायला नको. आमचे पहिले रघुजी भोसले शाहू महाराजांच्या मर्जीत आले, त्यात त्यांच्या शिकारीतल्या धाडसाचाही वाटा होता. म्हणजे नागपूरच्या राज्याची आणि खंड्याच्या पालखीची सुरुवात एकाच छंदातून झाली. खंड्या पालखीत स्वतः उडी मारून बसायचा की भोई त्याला उचलून ठेवायचे, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मान देणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही.

महाभारतातही तसंच झालं. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला म्हणतो, तू चढ, कुत्रा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही नाही. पुढे कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो आणि वाद मिटतो. वाहनाच्या दाराशी कुत्र्यावरून झालेली ही आपल्याकडची बहुधा सर्वांत जुनी हुज्जत. तीत इंद्र बोलतो, युधिष्ठिर बोलतो. कुत्र्याला रथात चढायचं आहे का, हे कुणीच विचारत नाही.

1867 मध्ये नागपूरला रेल्वे पोचली. रेल्वेने कुत्र्याला जागा दिली ती सामानाच्या हिशेबाने. आजही कुत्रा न्यायचा तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत ठेवा.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा वाहनांशी आलेला संबंध याहून कडू आहे. जून 1832 मध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल झाली, तीत पारशी समाज पुढे होता. मारण्याचं धोरण पुढे दीर्घकाळ चाललं. 2001 च्या नियमांनी ते बदललं: कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि होतं त्याच भागात परत सोडायचं. 2023 च्या नव्या नियमांनीही हाच गाभा ठेवला. व्यवस्था म्हणून हे आधीपेक्षा कितीतरी बरं. पण कुत्र्याच्या जागी उभं राहून बघा. गाडी येते, माणसं उतरतात, जाळी पडते, दार बंद होतं. परत आल्यावर पोटाला टाके असतात. वस्तीतली इतर कुत्री हे लांबून बघत असतात.

आमच्या घरचा गावठी कुत्रा अशाच वस्तीतून आलेला आहे. कारचं दार उघडलं की तो पाय रोवून उभा राहायचा. उचलून ठेवलं तर लाळ गाळायचा. आतापर्यंत गाडीने तो गेला होता फक्त सेमिनरी हिल्सच्या जनावरांच्या दवाखान्यात. लाळेवरून पाव्हलॉव्ह आठवतोच. त्याच्या कुत्र्यांना अन्नाआधीच्या खुणेनेच लाळ सुटायची. इथे खूण गाडीची होती, आणि तिच्या मागून यायची ती सुई. लाळ इथे भुकेची नव्हती, भीतीची आणि मळमळीची होती.

यावर जुनं उत्तर जबरदस्तीचं. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्टने 1910 मध्ये कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांची अनेक दशकं त्या वळणावर गेली. त्याला बक्षिसाचं मोल कळत होतं, पण पट्ट्याचा हिसकाही त्याच्या हत्यारांत होता. दुसरं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. थॉर्नडाइकने 1898 मध्ये मांजरं आणि कुत्री कोडं घातलेल्या पेट्यांत ठेवून दाखवलं, की ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती कृती टिकते. स्किनरने 1951 मध्ये सामान्य वाचकांसाठी लेख लिहून सांगितलं, की एक आवाज ठरवा, त्याच्यामागून लगेच खाऊ द्या आणि हव्या त्या वागण्याच्या जवळ जाणारी प्रत्येक बारीक हालचाल टिपा. कॅरन प्रायर डॉल्फिनना असंच शिकवायची. तिचं 1984 चं पुस्तक ही पद्धत घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत घेऊन गेलं.

माझ्या पेशात याला काम फोडणं म्हणतात. 'गाडीत चढ' ही एक आज्ञा दिसते, पण आत निदान आठ कामं असतात. बंद गाडीजवळ येणं. उघड्या दारात डोकं घालणं. पुढचे दोन पाय वर ठेवणं. इथे गाडं अडतं, कारण पुढचे पाय वर आणि मागचे जमिनीवर अशा अवस्थेत कुत्र्याचा पूल होतो आणि त्याला ढकलायचा मोह होतो. तिथे चौरंग ठेवायचा. गुळगुळीत सीटवर सतरंजी अंथरायची, कारण पाय घसरण्याची भीती सुईपेक्षा कमी नसते. मग वर येणं, लगेच खाली उतरणं, दार लावणं, इंजिन सुरू होणं, शंभर मीटर जाणं. प्रत्येक पायरी वेगळी, आणि बिनसली तर एक पायरी मागे. पहिला खरा प्रवास दवाखान्याचा नको, फुटाळ्याचा हवा. नागपूरच्या मे महिन्यात तर तोही उजाडायच्या आत, आणि उभ्या गाडीत कुत्रं क्षणभरही एकटं ठेवायचं नाही.

पण हीच पद्धत कुठवर जाते, हेही इतिहासात आहे. मॉस्कोच्या रस्त्यांवरून उचललेल्या कुत्र्यांना सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अशाच बारीक पायऱ्यांनी शिकवलं. पिंजरा दर खेपेला थोडा लहान, मुक्काम वीस-वीस दिवसांपर्यंत. लायका शांतपणे बसायला शिकली. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुटनिक 2 निघालं, त्याला परतीची सोयच नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने मेली, हे जगाला 2002 मध्ये कळलं. तिला शिकवणाऱ्यांपैकी ओलेग गाझेन्कोने म्हातारपणी कबूल केलं, की त्यातून जे शिकायला मिळालं ते तिच्या मरणाच्या मोलाचं नव्हतं. शिकवण्यात खोट नव्हती. कुत्रीने विश्वास ठेवला, आणि तो चुकीच्या वाहनावर होता.

म्हणून 'स्वतःहून' हा शब्द जपून वापरायला हवा. खाऊ माझ्या हातात, किल्ली माझ्या खिशात, कुठे जायचं हेही मीच ठरवणार. निवड बरोबरीची नाही. तरी दोन गोष्टी हातात राहतात. पहिली, शिकताना गाडीचं दुसरं दार उघडं ठेवणं, म्हणजे आत गेलेल्याला बाहेर पडता येतं. दुसरी, दहा वेळा गाडी निघाली तर त्यातल्या नऊ वेळा ती त्याच्या आवडीच्या जागी जाणं. दहाव्या वेळी दवाखाना असेल, आणि त्या दिवशीही तो चढेल. तो चढेल याची आता जवळपास खात्री आहे, आणि जबाबदारी वाढते ती त्यामुळेच.