तासाला दोन सेकंद

टाइमलाइनवर आवाज सरकला, चित्र थरथरलं किंवा रेंडर मध्येच अडकलं, की माझ्या स्टुडिओतली पोरं आधी सॉफ्टवेअर उडवून पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. कोल्हापुरात लग्नाच्या कॅसेटी मिक्स करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अनुभवावर मी त्यांना सांगतो, बाबांनो, हा बिघाड नवा नाही. आधीच्या कुठल्यातरी यंत्रात तो होऊन गेलाय आणि त्यावरचा उताराही तेव्हाच कुणीतरी शोधून ठेवलाय.

१९५६ साली अँपेक्सचा व्हिडिओ टेप रेकॉर्डर आला. टेप दोन इंच रुंद. सिनेमाच्या फिल्मवर चित्र नुसत्या डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे कापायचं कुठे ते कळतं. टेपवर काहीच दिसत नाही. मग तिच्यावर लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं द्रावण लावायचं, चुंबकीय खुणा उमटल्या की सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि ब्लेडने कापायचं. खूण हुकली की त्या कटावर चित्र उडालंच म्हणून समजा. पुढे ब्लेड गेलं आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उतरवत कार्यक्रम जोडायची पद्धत आली.

आमची पिढी या पद्धतीत वाढली. एक व्हीसीआर वाजवायला, एक रेकॉर्डिंगला, मध्ये मिक्सर आणि शेजारी टायटलसाठी छोटा संगणक. मशीनला वेग धरायला काही सेकंद लागायचे, म्हणून ते कटाच्या आधी थोडं मागे जाऊन धावत यायचं. शॉटच्या आधी तेवढी टेप फिरलेली नसली, तर तो शॉट हातचा गेला. म्हणून शूटिंगवाल्याला बजावलेलं असायचं की नवरी दारात यायच्या आधी पाच सेकंद कॅमेरा सुरू पाहिजे. आज मशीन मागे जात नाही, पण आमचा कॅमेरामन अजून पाच सेकंद आधीच बटण दाबतो. क्रॉस डिझॉल्व्ह टाकताना शॉटच्या दोन्ही टोकांना जादा फ्रेम लागतात, त्या आम्हाला या सवयीमुळे आयत्या मिळतात.

टेपचा खरा जाच वेगळाच होता. कॅसेट पूर्ण झाल्यावर मुलाचे मामा यायचे आणि म्हणायचे, "आमचा आहेराचा शॉट कुठाय?" मध्ये एक शॉट घालायचा म्हणजे पुढचं सगळं पुन्हा जोडायचं, नाहीतर तयार कॅसेटवरून कॉपी मारायची. व्हीएचएसची कॉपीची कॉपी झाली की शालूचा लाल रंग कडेने पसरायला लागायचा.

हा जाच संपवायचा प्रयत्न फार आधी झाला होता. १९७१ साली अमेरिकेत सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून सीएमएक्स ६०० नावाचं यंत्र काढलं. चित्र डिस्कवर असल्यामुळे हवा तो शॉट हव्या त्या क्षणी समोर यायचा. डिस्कमध्ये जागा तुटपुंजी, म्हणून चित्र काळंपांढरं आणि हलक्या दर्जाचं. त्यावर फक्त कट ठरवायचे, यादी काढायची आणि मूळ टेपांवरून पक्कं काम करायचं. १९८९ला मॅकिंटॉशवर चालणारं अ‍ॅव्हिड आलं, तेव्हाही हीच युक्ती होती. आज फोर-के फुटेजने संगणकाला घाम फुटला की आम्ही प्रॉक्सी, म्हणजे हलक्या दर्जाच्या प्रती बनवतो, कट बसले की मूळ फाइल जोडतो. सीएमएक्सवाल्यांनी जागेच्या टंचाईवर काढलेला उतारा आम्ही वेगाच्या टंचाईवर वापरतो, एवढाच फरक.

अ‍ॅडोबीचं प्रीमियर १९९१चं, पण लग्नाच्या धंद्यात ते खऱ्या अर्थाने रुळलं ते १९९५च्या डीव्ही फॉरमॅटचे कॅमेरे आमच्या हातात आल्यावर. फायरवायर केबल जोडायची, कॅप्चर मारायचं. तासाभराची कॅसेट १३ जीबी खायची. जुन्या एव्हीआय फाइलची मर्यादा २ जीबी, म्हणजे नवव्या-दहाव्या मिनिटाला कॅप्चर बंद. विंडोज ९८च्या फॅट ३२ डिस्कवर ४ जीबीच्या पुढे एकही फाइल जायची नाही, म्हणजे साडेअठरा मिनिटं. त्यामुळे हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत असे तुकडे पाडूनच कॅप्चर करायची शिस्त लागली. एनटीएफएस डिस्क आल्यावर ही अडचण गेली, पण तुकडे आम्ही अजून पाडतो. एक फाइल खराब झाली तर अख्खं लग्न बुडत नाही.

मग सुरू झाली थरथर. पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमचे दोन भाग, म्हणजे ५० फील्ड. एकात सम रेषा, दुसऱ्यात विषम. डीव्ही खालचं फील्ड आधी दाखवतं, तर व्हीएचएस उतरवून घ्यायची बरीच कार्डं वरचं आधी धरायची. दोन्ही एका टाइमलाइनवर आली की क्रम बिघडायचा. १, २, ३, ४ ऐवजी २, १, ४, ३. झिम्मा खेळणाऱ्या बायका पुढे-मागे, पुढे-मागे करत कापायला लागायच्या. गंमत अशी, की संगणकाच्या पडद्यावर यातलं काही धड दिसायचं नाही. दिसायचं ते गिऱ्हाइकाच्या घरी, टीव्हीवर. म्हणून प्रत्येक एडिटरच्या टेबलावर संगणकाला लागून एक जुना टीव्ही असायचाच. त्यावर दोष दिसला की त्या क्लिपचा फील्ड क्रम उलटा करायचा, काम फत्ते.

सगळ्यात चिवट दोष मात्र आवाजाचा. "दादा, भटजींचं तोंड आधी हलतंय आणि आवाज मागनं येतोय," ही तक्रार प्रत्येक दुकानाने ऐकलीय. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, अंतरपाट दूर होईपर्यंत बिनसतं. कारण साध्या गणितात आहे. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा आवाज २५ फ्रेममध्ये वाटला की फ्रेममागे १९२० नमुने येतात. घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ एकमेकांना बांधलेलं नसायचं. फ्रेममागे एका नमुन्याचा फरक पडला, तरी तासाच्या ९० हजार फ्रेममध्ये जवळजवळ दोन सेकंद जमतात. उतारे दोन. आवाजाचा वेग शेकड्यात अगदी किंचित बदलून ताणायचा, नाहीतर कॅमेरा अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांवर वळेल तिथे आवाज कापून पुन्हा जुळवायचा. भटजी पडद्यावर नसताना केलेला सांधा कुणाला कळत नाही.

परवा आमच्या पोराने हळदीचं मोबाइलवर काढलेलं शूटिंग घेतलं आणि नेमकी हीच तक्रार घेऊन आला. डीव्ही कॅमेरा तर केव्हाच भंगारात गेलाय! पण मोबाइल उजेड कमी झाला की सेकंदाच्या फ्रेमच कमी करतो, आणि टाइमलाइन मात्र त्या सारख्याच आहेत असं धरून चालते. आवाज हळूहळू सरकणारच. फाइल आधी ठरावीक फ्रेमरेटवर बदलून घ्यायची, मग एडिटला बसायचं.

मी त्याला सॉफ्टवेअर बंदच करायला लावलं. दोष पहिल्या मिनिटाला आहे की वाढत जातोय, एकाच क्लिपमध्ये आहे की सगळ्यांत, मूळ फाइल नुसती वाजवली तर दिसतो का, एवढं आधी बघायला सांगितलं. वाढत जात असेल तर घड्याळाचा घोळ, एकाच क्लिपमध्ये असेल तर फॉरमॅटचा, आणि मूळ फाइलमध्येच असेल तर सॉफ्टवेअर शंभरदा इन्स्टॉल केलं तरी सुटणार नाही.