घाट, सडा, ओढा, डोह : भूरूपांची मराठी नावे

मराठीतील भूरूपवाचक शब्दसंपत्ती दोन थरांची आहे. सामुद्रधुनी, संयोगभूमी, द्वीपकल्प, त्रिभुज प्रदेश हे शब्द शालेय भूगोलातून आले; ते संस्कृतावरून घडविलेले असून अर्थाने नेमके आहेत. दुसरा थर शेतकरी, गुराखी, कोळी यांच्या तोंडचा. हे शब्द भूमीचा आकार तर सांगतातच, शिवाय तिथे काय करता येते आणि कशाला जपावे लागते, हेही सांगतात.

इंग्रजी नकाशांनी सह्याद्रीच्या संपूर्ण रांगेला ‘घाट्स’ म्हटले आणि ‘पश्चिम घाट’ हे नाव मराठीतही रुळले. मराठीत मात्र घाट म्हणजे डोंगर ओलांडणारी वाट : बोरघाट, नाणेघाट, आंबा घाट. (नदीच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतात; तिथेही अर्थ उतरण्याच्या जागेचाच.) घाट चढून गेल्यावर लागतो तो घाटमाथा. दोन डोंगरांमधील अरुंद फट ती खिंड, तर कड्यात पडलेली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ म्हणजे नाळ. पावसाळ्यात नाळेतून पाणी कोसळते आणि उन्हाळ्यात तीच पाऊलवाट होते. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ गिर्यारोहकांना परिचित आहे. डोंगराची उतरत आलेली धार ती सोंड, आणि माथ्याखालची सपाटी ती माची. राजगडाला अशा तीन माच्या आहेत.

कोकणातील ‘सडा’ या शब्दाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. जांभ्या खडकाचा उघडा, सपाट माथा म्हणजे सडा. तिथे पीक येत नाही, आणि लागवडीस अयोग्य जमिनीला सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा एकच शब्द आहे. परंतु पावसाळ्यात याच कातळावर रानफुलांचा बहर येतो, आणि खडकात मुरलेले पाणी उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पे अशाच सड्यांवर कोरलेली आहेत. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. सडा हा शब्द उच्चारला की हे सारे डोळ्यांसमोर येते. पोटखराबा म्हटले की केवळ रिकामी जागा दिसते.

पाण्याच्या नावांत क्रम असतो. ओहोळ लहान, ओढा त्याहून मोठा, त्यापुढे नदी. मालवणी मुलखात ओढ्याला ‘व्हाळ’ म्हणतात. नदीच्या पात्रातील खोल, संथ जागा म्हणजे डोह. प्रवाहात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी खडकात कोरलेले खड्डे म्हणजे रांजणखळगे. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. भरतीचे पाणी नदीमुखातून जिथवर आत शिरते ती खाडी, आणि खाडीकाठची खारी, सखल जमीन ती खाजण. गोव्यात बांध घालून खाजणात भातशेती करण्याची परंपरा जुनी आहे.

शहरात मात्र या साऱ्यांसाठी ‘नाला’ हा एकच शब्द उरला आहे. विदर्भात नाला म्हणजे आजही नैसर्गिक प्रवाह. मुंबई-पुण्यात त्याचा अर्थ सांडपाण्याचे गटार असा झाला. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणारी मिठी ही नदी आहे, याची अनेक मुंबईकरांना जाणीव झाली ती २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात कात्रजच्या डोंगरात उगम पावून मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याच्या नावात ‘ओढा’ टिकून होता. तरीही काठावर आणि पात्रात बांधकामे झालीच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुरात काठच्या वस्त्यांमध्ये जीवितहानी झाली.

गटाराची रुंदी माणूस ठरवतो, ओढ्याची पाऊस ठरवतो. म्हणून विकास आराखड्याच्या नकाशावर ‘नाला’ असा शब्द आढळल्यास तो मुळात ओढा होता काय, हे जुन्या भूमापन नकाशावरून पडताळून पाहावे. घर घेणाऱ्यानेही एवढी चौकशी करण्यास हरकत नाही.