'मी कोण?' या प्रश्नाचे रोज वेगळे उत्तर

भावनेची लाट पालटली की स्वतःविषयीचे मत पालटते आणि त्याबरोबर आठवणींचा रंगही. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात ओळख आणि स्मृती यांचे नाते कसे विस्कटते आणि ते पुन्हा कसे जुळू शकते, याचा हा आढावा.

'कोऽहम्' हा प्रश्न तत्त्वचिंतकांना शतकानुशतके खुणावत आला आहे. सर्वसामान्य माणसाला तो रोजच्या व्यवहारात पडत नाही. रात्री झोपलेला 'मी' आणि सकाळी जागा झालेला 'मी' एकच आहे, याची खात्री त्याला करून घ्यावी लागत नाही. नोकरी सुटली, गाव बदलले, जवळचे माणूस दुरावले, तरी आतला धागा सहसा तुटत नाही. काही माणसांना मात्र हा धागा सापडतच नाही. आज आपण कर्तबगार आहोत असे वाटते, उद्या आपण कोणीच नाही असे वाटते, आणि दोन्ही वेळा ते पूर्ण सत्य वाटते. मानसोपचारशास्त्रात या अवस्थेला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार या आजाराचे एक प्रमुख लक्षण मानले जाते.

बाहेरच्यांना दिसतो तो अनावर संताप, तडकाफडकी घेतलेले निर्णय, तुटणारी नाती आणि स्वतःला इजा करून घेण्याची वृत्ती. त्यामुळे हट्टी, नाटकी, खोटारडी असे शिक्के रुग्णावर चटकन बसतात. या वर्तनामागची अस्थिर स्वओळख मात्र दुर्लक्षित राहते.

नाव कसे पडले?

'सीमावर्ती' हा शब्द आज काहीसा दिशाभूल करणारा वाटतो. अमेरिकी मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये तो एका रुग्णगटासाठी वापरला. हे रुग्ण सौम्य मनोविकारांच्या चौकटीत बसत नव्हते आणि वास्तवाचे भान हरपलेल्या रुग्णांमध्येही मोडत नव्हते; ते जणू दोहोंच्या सीमेवर उभे होते. पुढे ही कल्पना मागे पडली, नाव मात्र टिकले.

ऑटो कर्नबर्ग यांनी १९६७ मध्ये या विकाराच्या केंद्रस्थानी स्वत्वाची विस्कळीतता ठेवली. स्वतःमधले आणि दुसऱ्यामधले चांगले-वाईट एकाच वेळी मनात धरता न आल्याने माणूस एकतर देव ठरतो किंवा दानव, असे त्यांचे प्रतिपादन होते. एरिक एरिक्सन यांनी त्याआधीच किशोरवयातील ओळखीच्या पेचाचा सविस्तर विचार मांडला होता. त्या वयात 'मी कोण' हा गोंधळ स्वाभाविक असतो. म्हणूनच अल्पवयीन मुलांच्या बाबतीत हे निदान करताना तज्ज्ञ विशेष सावधगिरी बाळगतात.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये समाविष्ट झाला. पुस्तिकेत नऊ निकष असून त्यांपैकी किमान पाच लागू व्हावे लागतात. स्वप्रतिमेची लक्षणीय आणि सततची अस्थिरता हा त्यांतील एक निकष आहे. सोडून दिले जाण्याची भीती, टोकाची नाती, आतून पोकळ वाटणे आणि तणावाखाली वास्तवापासून तुटल्यासारखे होणे हे अन्य काही निकष होत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली अकरावी आवृत्ती व्यक्तिमत्त्व विकारांची वर्गवारी प्रामुख्याने तीव्रतेनुसार करते. त्यात सीमावर्ती स्वरूपाची स्वतंत्र नोंद करण्याची सोय आहे.

अनेकदा या विकाराची गल्लत बायपोलर आजाराशी होते. बायपोलर आजारात उन्माद किंवा नैराश्याचा टप्पा साधारणतः कित्येक दिवस वा आठवडे टिकतो. येथे मनःस्थिती काही तासांतही पालटू शकते आणि बदलामागे बहुधा नात्यातली एखादी घटना असते.

विस्कळीत स्वत्वाचे चार पदर

ओळख हरवणे म्हणजे नेमके काय, याचा शोध विल्किन्सन-रायन आणि वेस्टन या अमेरिकी संशोधकांनी घेतला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार पदर वेगळे दिसून आले. पहिला, एखाद्या भूमिकेत, गटात किंवा व्यक्तीत स्वतःला पूर्ण विरघळवून टाकणे. दुसरा, आपण एकसंध नाही या जाणिवेची वेदना. तिसरा, विचार आणि वर्तन यांतील विसंगती. चौथा, नोकरी, मूल्ये, ध्येये यांपैकी कशालाही बांधून घेता न येणे.

यांपैकी वेदनेचा पदर विशेष महत्त्वाचा आहे. मते बदलणारी माणसे समाजात पुष्कळ असतात. त्यांना त्याचे काही वाटतही नाही. सीमावर्ती विकाराच्या रुग्णाला मात्र आपल्या आत सलग असे काही नाही, ही जाणीव छळत राहते.

आठवण म्हणजे छायाचित्र नव्हे

माणसाची ओळख आठवणींवर उभी असते. परंतु आठवण ही कपाटातून काढलेल्या छायाचित्रासारखी नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले. अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने ती आठवून सांगायला लावली. प्रत्येक कथनात अपरिचित तपशील गळत गेले आणि कथा वाचकांच्या ओळखीच्या जगाकडे झुकत गेली. मार्टिन कॉनवे यांनी २००० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाचे 'स्व' आणि त्याच्या आठवणी परस्परांना घडवतात. आज मी स्वतःला जसा समजतो, त्याला अनुरूप आठवणी सहज वर येतात. आणि त्या आठवणींमुळे ती समजूत आणखी पक्की होते.

मनःस्थितीचाही यात वाटा असतो. गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये निदर्शनास आणले की, खिन्न माणसाला खिन्न प्रसंग अधिक सहज आठवतात. हा अनुभव प्रत्येकाचा असतो. मात्र बहुतेकांना दुःखाच्या क्षणीही 'बरे दिवसही होते' एवढे भान राहते. भावनेची तीव्रता अतोनात असेल आणि स्वओळख पक्की नसेल, तर हे भान सुटते.

उदाहरणार्थ, एखादी तरुणी रागाच्या भरात म्हणते, "आई, तू कधीच माझ्या बाजूनं उभी राहिली नाहीस." आईला तिच्या आजारपणात जागवलेल्या रात्री आठवतात. ती दुखावते आणि म्हणते, "इतकं खोटं कसं बोलवतं गं तुला?" दोन दिवसांनी तीच मुलगी आईच्या गळ्यात पडते आणि तिच्याइतके प्रेम कोणीच केले नाही असे सांगते. घरच्यांना यात लबाडी दिसते. वस्तुतः दोन्ही वेळा ती त्या क्षणी तिला जे आठवते तेच बोलत असते. रागाच्या वेळी मायेच्या आठवणी पुसल्या गेलेल्या नसतात. त्या त्या वेळी तिच्या हाताशी नसतात. स्मृतिभ्रंशाच्या व्याधीपेक्षा ही अवस्था वेगळी आहे, ती येथेच.

संशोधनाचा कौल

आत्मचरित्रात्मक स्मृती मोजण्याची एक साधी पद्धत आहे. एखादा शब्द देऊन त्यावरून एक विशिष्ट प्रसंग आठवण्यास सांगितले जाते. १९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांमध्ये असे पाहिले की, नेमका प्रसंग सांगण्याऐवजी ते सरसकट उत्तर देतात. 'गेल्या रविवारी मैत्रीण भेटली' असे न म्हणता 'मैत्रिणी भेटतात तेव्हा बरे वाटते' असे म्हणण्यासारखा हा प्रकार होय. सीमावर्ती विकाराबाबत मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत. काही अभ्यासांत असा ढोबळपणा आढळला, काहींत आढळला नाही. तो या विकारामुळे येतो की सोबतच्या नैराश्यामुळे, हा वादाचा मुद्दा आहे.

जीवनकथांच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट चित्र पुढे येते. डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांना आपल्या आयुष्याची कहाणी सांगण्यास सांगितले. या कहाण्यांचा सूर इतरांपेक्षा अधिक नकारात्मक होता. आपल्या हातून काही घडले, यापेक्षा आपल्यावर गोष्टी ओढवल्या, असा भाव त्यांत अधिक होता. बालपणीच्या छळाचा किंवा उपेक्षेचा इतिहास या रुग्णांपैकी अनेकांमध्ये आढळतो; तथापि तो सर्वांमध्ये असतोच असे नाही. त्यामुळे निदान झाले म्हणून आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे योग्य ठरत नाही.

तीव्र तणावात काही रुग्णांना आपण स्वतःपासून अलग झाल्याचा, सारे धुक्यातून घडत असल्याचा अनुभव येतो. अशा वेळी घडलेले नंतर तुटक आठवते. 'मी तसे बोललेच नाही' हे विधान प्रत्येक वेळी कांगावा नसते, ते यामुळे.

प्रथमपुरुषी 'मी'

या विकारावरील उपचारांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या मार्शा लिनेहान यांची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १९६१ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना अमेरिकेतील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. विजेचे झटकेही देण्यात आले. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही उपचारपद्धती विकसित केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रकार आणि रुग्णालयात राहण्याचे दिवस कमी झाल्याचे दिसले.

आपण स्वतः या वाटेने गेलो आहोत, हे त्यांनी २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाहीरपणे सांगितले. १९६७ मध्ये शिकागो येथील एका प्रार्थनागृहात आलेल्या अनुभवानंतर आपण धावत खोलीवर आलो आणि स्वतःवर आपले प्रेम असल्याचे उद्गार काढले. स्वतःशी प्रथमपुरुषात बोलल्याची ती आपली पहिली आठवण, असे त्यांनी सांगितले होते. 'मी' हा एवढासा शब्दही काहींना कमवावा लागतो, हे यातून ध्यानात येते.

उपचार काय आहेत?

केवळ या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध नाही. सोबतचे नैराश्य किंवा निद्रानाश यांसाठी औषधे दिली जातात; मुख्य भिस्त संवादोपचारांवर असते. लिनेहान यांच्या पद्धतीत रुग्ण भावनांची दैनंदिन नोंद ठेवतो. सोमवारी काय वाटले होते, हे शुक्रवारी कागदावर वाचता येते आणि 'नेहमीच' व 'कधीच' या शब्दांना तेथे लगाम बसतो. बेटमन आणि फोनागी यांनी लंडनमध्ये विकसित केलेला उपचार स्वतःच्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा थांबून विचार करायला शिकवतो. कर्नबर्ग यांच्या परंपरेतील उपचार चांगले आणि वाईट एकत्र धरण्याची क्षमता वाढवण्यावर भर देतो.

हा आजार कधीच बरा होत नाही, हा समज मात्र आता टिकणारा नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून २९० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दहा वर्षांच्या काळात ९३ टक्के रुग्णांमध्ये किमान दोन वर्षे निदानाचे निकष लागू होईनासे झाले. लक्षणे ओसरण्याबरोबरच कामधंदा आणि नातेसंबंधही सावरले, अशांचे प्रमाण मात्र ५० टक्के होते. वादळ शमते, पण आयुष्याची घडी बसायला अधिक वेळ लागतो, असा याचा अर्थ.

घरच्यांची भूमिका

घरच्यांसाठी सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे खरे-खोटे ठरवण्याचा मोह टाळणे. भावना उसळलेली असताना पुरावे मांडल्याने वाद वाढतो. 'आत्ता तुला एकटं पडल्यासारखं वाटतंय, हे मला कळतंय' असे म्हणणे म्हणजे आरोप मान्य करणे नव्हे. मन शांत झाल्यावर जुन्या प्रसंगांविषयी बोलता येते, तेव्हा मायेच्या आठवणीही हाताशी येतात. जपून ठेवलेली पत्रे, छायाचित्रे, रुग्णाने स्वतः लिहिलेल्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात. मात्र त्या पुरावा म्हणून नव्हे, तर सोबत म्हणून पुढे कराव्यात.

मरणाविषयीचे बोलणे 'नुसती धमकी' समजून कधीही सोडून देऊ नये. अशा वेळी रुग्णाला एकटे न ठेवता तातडीने मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तो चोवीस तास उपलब्ध असतो. तेथे मराठीतूनही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी यंत्रणेकडून मानसोपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.