कालव्याच्या वरच्या टोकाला पक्षी

रब्बीत आपली सगळ्यांची चौकशी एकच, पाळी कधी सुटणार? ज्या धरणातून ती सुटते ते पक्ष्यांचं अभयारण्य पण आहे, हे आपल्या पाथरी-मानवतकडं बऱ्याच जणांना ठाऊक नाही. म्हणून हे थोडं लिहितो.

पैठणला गोदावरीवर जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हातानं झाली. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. डावा कालवा 208 किलोमीटरचा, तो आपल्या जिल्ह्यात येतो. साठा सुमारे 102 टीएमसी. पण त्यासाठी वरच्या अंगाच्या कितीतरी गावांच्या काळ्याभोर जमिनी पाण्याखाली गेल्या, हे टेलवाल्यानं विसरू नये.

नाथसागर पसरट आहे, लांबी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण बऱ्याच ठिकाणी पाणी उथळ. इथंच पक्ष्यांचं गणित आहे. हिवाळ्यापासून पाणी उतरत जातं, काठाचा चिखल उघडा पडतो. त्यात किडे, शेवाळ, शिंपले, म्हणजे पाणपक्ष्यांना आयतं ताट. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, रोहित येतात. करकोचे तर शेतात उतरून दाणे वेचतात. हे बघूनच 1986 मध्ये सुमारे 341 चौरस किलोमीटरचं जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. माणसानं बांधलेल्या तळ्याला पाखरांनी दहा वर्षांत आपलं केलं म्हणायचं!

आता अडचण. पाणी उतरलं की त्याच गाळावर गाळपेर होते. खत कमी लागतं, ओल असते, हरभरा-गहू झकास येतो. पण फवारणीचं औषध तिथनं थेट पाण्यात, आणि तेच पाणी लोक पितात. ज्याची जमीन धरणात गेली त्याच्या गाळपेरीवर सरसकट बंदी मला पटत नाही. विषारी फवारणी मात्र तिथं बंदच पाहिजे. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्षीथांबे यावर हरभऱ्यातली घाटेअळी बरीच आटोक्यात येते. कृषी विद्यापीठाच्या पोरांनी असे प्लॉट तिथं घेऊन दाखवावेत. गाळ, पाणी, पीक, पाखरं एकाच काठावर बघायला मिळतील, वर्गात हे कुठं दिसतं?

शाळेची सहल न्यायची तर डिसेंबर-जानेवारीत, अन् पहाटेच काठावर पोचा. ऊन चढलं की पाखरं आत पाण्यात सरकतात. दुर्बीण असली तर घ्या, डीजे गाडीतच ठेवा.