वाड्याची विक्री (वऱ्हाड)

वऱ्हाडातल्या खेड्यांतील जुने वाडे व गढ्या विकण्याचा, वाटण्याचा आणि मोडण्याचा व्यवहार. दगडी जोत्यावर, लाकडी खांब-तुळयांवर उभे असलेले चौकाचे मोठे घर म्हणजे वाडा; तेच उंचवट्यावर बुरूज आणि तटासह बांधले की गढी. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. या नोंदीत सातपुड्याच्या पायथ्याचा अकोट–तेल्हारा पट्टा आणि त्यातले हिवरखेड हे गाव मुख्यतः समोर ठेवले आहे. हिवरखेड नावाची गावे वऱ्हाडात अनेक आहेत. एक मोर्शी तालुक्यात, एक खामगाव तालुक्यात. येथे अभिप्रेत आहे ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, कागदोपत्री ‘हिवरखेड रूपराव’ म्हणून नोंदलेले.

हा मुलूख निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत बराच काळ भरडला गेला. एकाच गावात दोघांचे वसुलीदार फिरत आणि दोघांच्या मागून पेंढारी येत. हिवरखेडजवळच्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. अशा दिवसांत देशमुख, देशपांडे, पाटील या वतनदारांनी गावोगाव गढ्या बांधल्या त्या मिरवण्यासाठी नव्हेत. धाड आली की गावाची माणसे, गुरे आणि पेवातले धान्य आत घेऊन दिंडी लावून बसायची, एवढ्यासाठी त्या होत्या. वऱ्हाडातल्या बहुतेक गढ्यांत शिल्पकाम शोधून सापडत नाही, पण अडसराच्या खाचा मात्र भिंतीत हातभर खोल असतात.

दुसरी लाट कापसाची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कपाशीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी अकोला–बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली; १८७० मध्ये खामगावच्या बाजारासाठी फाटा निघाला. या पैशातून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जे वाडे उठले त्यांत माडी आली, नक्षीचे कठडे आले, रंगीत काचांची तावदाने, बिडाच्या जाळ्या आणि बैठकीत बंगई आली. धनी फक्त वतनदार राहिला नाही. सावकार, अडत्ये, जिनवाले यांनीही वाडे बांधले. नागपूरकडे अशा घरांच्या मालकाला मालगुजार म्हणतात. वऱ्हाडात रयतवारी पद्धत असल्याने तो शब्द इथे लागू पडत नाही. जाहिरातीत मात्र हल्ली सरसकट ‘मालगुजारी वाडा’ असे छापले जाते, कारण खरेदीदाराला ते भारदस्त वाटते.

वाड्याची बांधणी समजल्याशिवाय त्याची विक्री समजत नाही. वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर भिंत धरत नाही. म्हणून वस्ती पांढरीवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबत्याने साचलेल्या राखट मातीच्या उंचवट्यावर. भिंती त्याच पांढऱ्या मातीच्या, जोते मात्र दगडाचे. छताचा भार भिंतीवर नसून सागवानी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर सरे, सऱ्यांवर कड्या आणि त्यांच्यावर फळ्या अंथरून मातीचे धाबे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचा मोठेपणा खणांतच सांगायची रीत. सांधे कुसू आणि खाचेचे, खिळा क्वचितच. मेळघाटचे सागाचे जंगल पाठीशीच असल्याने या पट्ट्यातल्या वाड्यांत लाकडाची चंगळ दिसते.

या रचनेचा एक परिणाम मालकांना फार उशिरा कळतो. भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहतो, आणि जसा जोडला तसाच उलट क्रमाने सुटाही होतो. घर म्हणून ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला लाकूड म्हणून गिऱ्हाईक कायम असते. वऱ्हाडात जुना वाडा ‘विकला’ असे ऐकू आले तर तो बहुधा असा विकलेला असतो.

धाब्याला दरवर्षी मृगाआधी नवी माती घालून, धोपटून, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. घरात दहा गडी राबते तोवर हे काम दोन दिवसांचे होते. मग वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने जहागिरी-इनामी गावांवरचे मालकी हक्क काढले आणि ते ३१ मार्च १९५१ पासून शासनाकडे गेले. १९५८ चा विदर्भाचा कूळ कायदा, १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आणि १९६२ चा मुलकी पाटीलपद रद्द करणारा कायदा पाठोपाठ आले. जमीन आणि हुद्दा गेला, वाडा राहिला. मुले शिकून अकोला, अमरावती, पुण्याला गेली. धाब्यावर टिनपत्रे चढली, तीही एका सोप्यापुरती. बाकीचे छत दोन-तीन पावसाळ्यांत गळायला लागते, पाणी तुळईच्या टोकाशी मुरते आणि वाळवी तिथूनच शिरते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात याच्या जोडीला लोणा असतो: जमिनीतला क्षार भिंतीत चढून हात-दीड हात उंचीपर्यंत माती भुरभुर गळत राहते.

तरीही पडका वाडा विकायला काढणे सोपे नाही, कारण तो क्वचितच एकाचा असतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीचा नमुना ८, आणि भूमापन झालेल्या गावात आखीव पत्रिका. नमुना ८ वर आजोबांचे नाव तसेच राहिलेले, तोंडी वाटणीत कोणाला ओसरी, कोणाला माडी, चौक आणि आड सामाईक, अशी स्थिती सर्रास दिसते. नमुना ८ करासाठी आहे, तो मालकीचा पुरावा नाही, ही गोष्ट इसार देऊन झाल्यावर लक्षात येणारे खरेदीदारही कमी नाहीत. जुनी वाटणीपत्रे मोडीत, आणि निजामी अमलातला एखादा कागद फारसीत. ते वाचणारा गाठावा लागतो.

मुलींच्या हिश्श्याचा प्रश्न तर वाड्याशी थेट जोडलेला आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २३ प्रमाणे, पुरुष वारस राहत्या घराची वाटणी करून घेत नाहीत तोवर स्त्री वारसाला ती मागता येत नसे. कितीतरी वाडे या एका कलमावर पन्नास वर्षे अभंग राहिले. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ते गेले आणि मुलगी जन्माने सहदायाद झाली. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हापासून खरेदीखताआधी आत्या आणि बहिणींची हक्कसोडपत्रे जमवणे हे वाड्याच्या सौद्यातले सर्वांत लांबणारे काम झाले आहे. ते अन्याय्य आहे असे भाऊ म्हणतात. आधीची पन्नास वर्षे अन्याय्य होती असे बहिणी म्हणतात, आणि हिशेबात त्या चुकत नाहीत.

एखाद्या भावाने आपला हिस्सा परक्याला परस्पर विकला तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याचे कलम ४ घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा किंमत लावून परत घेऊ देते. वारसा कायद्याचे कलम २२ सहवारसाला पहिली संधी देते. कायदा असा तीन बाजूंनी परक्याला अडवतो. मग उरतो भावाभावांतला सौदा, आणि बहुतेकदा त्यांच्यातला अबोला. दाराला कुलूप लागते. कुलूप लागलेला वाडा दहा वर्षांत सौद्याच्या पलीकडे जातो.

मोडीचा सौदा उक्ता ठरतो. लाकूडवाला मोक्यावर येतो तेव्हा तो माडी, देवघर, चौक यांकडे पाहत नाही. खांबाला हातोडीने टोले देऊन पोकळ आवाज येतो का ते ऐकतो, पटाशीने एक ढलपी काढून आतला रंग बघतो, घेर आणि उंची मापून कुसवाचा व भोकांचा भाग वजा करतो. हिशेब घनफुटांत. नक्षीच्या खांबाला आणि महाद्वाराच्या चौकटीला वेगळा भाव, कारण ती शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत जातात. जोत्याचा दगड ब्रासवर मोजला जातो. पांढरी माती ट्रॉलीने शेतात पडते. गढीची माती खत म्हणून वापरण्याची चाल जुनी आहे आणि कित्येक बुरूज तिच्यामुळेच खचले. जागा राहते ती चौरस फुटावर. या चार मापांची बेरीज उभ्या वाड्याच्या किमतीपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त भरते, आणि वाडे का मोडतात या प्रश्नाचे एवढेच उत्तर पुरेसे आहे. तळखडे तेवढे मागे राहतात; त्यांवर पुढे कोणी धुणे आपटते.

यात कायदा दोन ठिकाणी आडवा येतो, निदान कागदावर. जुने सागवान हलवतानाही वनखाते वाहतूक परवाना विचारते; मेळघाटच्या पायथ्याशी तर हटकून. दुसरा १९७२ चा पुरावस्तू कायदा. त्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीतून सुटी केलेल्या वस्तूही येतात. म्हणजे कोरीव खांब वाड्यात उभा आहे तोवर घराचा भाग, आणि काढून अंगणात आडवा टाकला की पुरावस्तू ठरू शकतो. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मोडीच्या सौद्यात या कायद्याचे नाव निघाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

गुप्तधनाची वदंता मात्र प्रत्येक सौद्यात निघते. तळघर बुजवलेले, बळदाला दुहेरी भिंत, एवढ्यावर किंमत चढते. काही विकणारे ती मुद्दाम चढू देतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, मग वाडा कोणीही घेतलेला असो.

टिकलेले वाडे आहेत, पण घर म्हणून विकले जाऊन टिकलेले विरळा. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवरावांचा वाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून राज्य संरक्षित आहे. शेगावात बंकटलाल अग्रवालांचे घर गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे भाविकांनी जपले. पश्चिम महाराष्ट्रात मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्याला चित्रपटांचे चित्रीकरण लाभले. वऱ्हाडातल्या साध्या पाटील-वाड्याला संत, जिजाऊ किंवा चित्रपट यांपैकी काहीच मिळत नाही. इंग्लंडातही वारसाकराने जेरीस आलेल्या सरदारांची शेकडो ग्रामगृहे विसाव्या शतकात पाडली गेली. तिथे १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे घर सोपवून त्यातच राहण्याची सोय निघाली. महाराष्ट्रात खेड्यातल्या खासगी वाड्यासाठी तशी व्यवस्था नाही. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारक कायदा आहे, पण त्याखाली घर संरक्षित होईल या भीतीने मालक घाईने मोडायला काढतो, असाही अनुभव आहे.

हिवरखेडसारख्या गावात आता जागेचीच ओढ वाढली आहे. मोठी ग्रामपंचायत म्हणून ओळखले जाणारे हे गाव अलीकडे नगरपरिषद झाले. अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वे रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प टाळून काढायच्या नव्या मार्गात हिवरखेड, सोनाळा ही गावे येतात. पानमळे, केळी, संत्री आणि वान प्रकल्पाचे पाणी यांमुळे पैसा गावात आहे, पण तो रस्त्याकाठच्या स्लॅबच्या घराकडे वळतो. नगरपरिषद झाल्यावर जुन्या घराची नोंद कर-आकारणी वहीत नव्याने चढते, आणि वारसांपैकी कोणाची नावे लागली याची चौकशी त्या वेळी पहिल्यांदाच होते. आसपासच्या ग्रामपंचायतींत २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. पत्रिकेवर नाव आले की बँक कर्ज देते, दुरुस्तीसाठीही आणि खरेदीसाठीही. लाकूडवाल्याचा सौदाही त्याच कागदावर बिनबोभाट होतो.