जँगो : स्थापना व अपडेट

जँगो हे पायथन भाषेतले मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्क. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याचे काम सुरू केले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांना खुले झाले. जँगो इन्स्टॉल करण्याचे तीन मार्ग आहेत आणि पुढची अपडेट सुखाची होणार की डोकेदुखीची, हे बरेचसे या निवडीवरच ठरते.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांच्या भांडारातून घेतले, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या तिकडूनच येत राहतात. पण आवृत्ती बहुधा जुनी असते आणि त्या यंत्रावरच्या सर्व प्रकल्पांना तीच वापरावी लागते. गिटवरचा विकासाधीन कोड जँगोतच भर घालणाऱ्यांसाठी आहे. चालत्या साइटसाठी तो घेऊ नये. बहुतेकांना योग्य मार्ग म्हणजे प्रकल्पापुरते ‘व्हेन्व्ह’ (पायथनचे वेगळे वातावरण) तयार करून त्यात ‘पिप’ या पॅकेज-साधनाने अधिकृत आवृत्ती घेणे. डेबियन १२ पासून तर व्हेन्व्हबाहेर पिप चालवल्यास सहसा नकारच मिळतो. आवृत्तीचा क्रमांक रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये नोंदवावा, नाहीतर सर्व्हरवर वेगळीच आवृत्ती जाऊन बसते.

नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी निघते. २.२ (२०१९), ३.२ (२०२१), ४.२ (२०२३), ५.२ (२०२५) या दीर्घ मुदतीच्या. त्यांना सुमारे तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. साइट सांभाळायला माणसे थोडी असतील, तर यांतलीच मुदत न संपलेली धरावी. ५.२.१ वरून ५.२.२ अशा तिसऱ्या आकड्याच्या अपडेटमध्ये दुरुस्त्याच असतात. ती रेंगाळू देऊ नये.

मोठी झेप मात्र पायरीपायरीने घ्यावी. जँगो एखादी सोय काढण्याआधी किमान दोन आवृत्त्या इशारा देते. उदाहरणार्थ, ‘फॉरेन की’ लिहिताना मूळ नोंद पुसली गेल्यास जोडलेल्या नोंदीचे काय करायचे, हे सांगणारा ‘ऑन डिलीट’ पूर्वी ऐच्छिक होता. १.९ पासून तो न लिहिल्यास इशारा येऊ लागला आणि डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये तो सक्तीचा झाला. १.८ वरून थेट २.० वर गेलेल्यांचा प्रकल्प सुरूच होत नसे. असे इशारे पायथन एरवी बहुधा दडवून ठेवतो. म्हणून ते दाखवण्याचा पर्याय चालू करून सर्व चाचण्या चालवाव्यात आणि इशारे संपल्यावरच पुढची आवृत्ती घ्यावी. त्याआधी इतर पॅकेजेस आणि पायथनची आवृत्ती नव्या जँगोशी जुळते का, तेही पाहावे.

अपडेटने केवळ कोडच बदलतो असे नाही. ३.१ मध्ये जँगोच्या तयार ‘यूझर’ तक्त्यातील पहिल्या नावाची मर्यादा ३० वरून १५० अक्षरे झाली आणि त्यासाठी डेटाबेसवर मायग्रेशन (तक्त्यांची रचना बदलण्याची पायरी) चालवावे लागले. त्यानंतर लांब नावे साठली, तर मागे फिरताना ती ३० अक्षरांत मावत नाहीत. त्यामुळे मायग्रेशनपूर्वी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून तिथेच अपडेट आधी करून पाहावी.