गंगावन ते क्लिप-इन: पण हे केस कोणाचे?

आजच्या भागाची सुरुवात अंबाजोगाईतल्या एका लग्नघरातून करूया.

चुलत बहिणीची हळद होती. पार्लरवाल्या ताईंचा फोन लागेना. बहिणीनं सरळ मोबाईलवर एक रील लावली, पाकिटातून केसांच्या पट्ट्या काढल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत खांद्यापर्यंतच्या केसांची कमरेपर्यंत वेणी झाली. आजी कोपऱ्यातून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तर गंगावनच की! आमच्या टायमाला बी होतं."

मी ते रिकामं पाकीट उचलून वाचलं. 'शंभर टक्के मानवी केस.' कोणाचे, ते लिहिलेलं नव्हतं. आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे.

आधी आजीचं म्हणणं तपासू. क्लिप-इन म्हणजे काय? केस एका पट्टीवर शिवलेले असतात आणि पट्टीला छोट्या दातेरी क्लिपा असतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग पाडायचा, वरचे केस वर बांधायचे, भांगाच्या मुळाशी थोडं उलटं विंचरायचं म्हणजे क्लिप घसरत नाही. मग पट्टी लावायची आणि वरचे केस खाली सोडायचे. जोड झाकला जातो. त्यावर वेणी घाला नाहीतर अंबाडा.

आणि गंगावन? केसांचा एक झुबका, वरच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधलेला. तो मानेजवळ आपल्या केसांत गुंतवायचा आणि तिपेडी वेणीत विणून टाकायचा. खाली गोंडा. अंबाडा घालायचा असेल तर तीच वेणी गुंडाळून आकडे खोचायचे. म्हणजे काम एकच, फक्त दोऱ्याच्या जागी क्लिप आली. आजी बरोबर होती!

आता प्रश्न असा की हे किती जुनं आहे? त्यासाठी आपल्या बीडच्या शेजारीच जाऊ. जालना जिल्ह्यात भोकरदन आहे आणि धाराशिव जिल्ह्यात तेर. सातवाहनांच्या काळात ही दोन्ही व्यापाराची मोठी गावं होती. १९३८ साली इटलीत, पॉम्पेईच्या अवशेषांत, हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीची. पुढं भोकरदनला तशाच धाटणीचं हस्तिदंती काम मिळालं. म्हणून ती मूर्ती मराठवाड्यातूनच गेली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तिला मागून बघा. पाठीवर लांब, दागिन्यांनी सजवलेली वेणी आहे. पुढचं दिसावं म्हणून घडवणाऱ्यानं मागचं सोडून दिलेलं नाही.

त्या वेणीत गंगावन होतं का, हे मूर्तीवरून कळत नाही. पण दुसरा एक पुरावा आहे. दुसऱ्या शतकातल्या रोमन कायद्यात, पूर्वेकडून येणाऱ्या कोणत्या मालावर जकात घ्यायची याची यादी आहे. दालचिनी, पिंपळी, हस्तिदंत, रेशीम आणि... 'भारतीय केस'! म्हणजे जवळपास अठराशे वर्षांपूर्वी इथल्या कोणाचे तरी केस जहाजातून रोमन बाजारात जात होते. यादीत मालाचं नाव आहे. ज्यांचे केस होते त्यांचं नाही. पाकिटाची गोष्ट तेव्हापासून तीच आहे बघा.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण इथं केसांचा प्रश्न फॅशनचा राहत नाही. एकीकडं सवाष्ण बाई गंगावन लावून अंबाडा घालत होती, आणि दुसरीकडं, विशेषतः ब्राह्मण घरांत, नवरा वारला की बाईचं डोकं भादरलं जात होतं. कित्येक जणी तेव्हा अजून लहान मुली होत्या. तिचे केस, पण हुकूम दुसऱ्यांचा. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नेते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. रोजच्या कमाईवर पाणी सोडून! ही गोष्ट शाळेत मला कुणी सांगितली नव्हती.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत रंगभूमीवर उलटीच गंमत झाली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. पुरुष असून स्त्रीभूमिका करणारा हा नट टोप घालून रंगमंचावर यायचा आणि त्याचं नऊवारी नेसणं, केशरचना, फुलं माळणं बघून चांगल्या घरच्या बायका घरी जाऊन तसंच करायच्या. विचार करा, 'खऱ्या' केसांची फॅशन 'खोट्या' केसांवरून आली! त्यामुळं क्लिप-इन लावणाऱ्या मुलीला कुणी "नकली" म्हणून चिडवलं, तर त्याला हा भाग पाठवा.

बरं, मग आज पाकिटातले केस येतात कुठून? मुख्य वाटा दोन. एक, देवस्थानं. तिरुपतीला लोक नवस फेडायला केस देतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं. हे केस एकाच डोक्यावरचे, मुळं एका बाजूला ठेवलेले, म्हणून महाग. २००४ मध्ये जेरुसलेमच्या एका मोठ्या धर्मगुरूंनी असे केस ज्यू स्त्रियांना चालणार नाहीत असं सांगितलं, कारण ते दुसऱ्या धर्माच्या विधीतून आलेले. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये टोपांची रस्त्यावर होळी झाली. 'केस कोणाचे' हा प्रश्न निदान तिथं तरी कुणीतरी विचारला.

दुसरी वाट आपल्या दारातून जाते. विंचरताना गळलेला गुंता. गावाकडं आई-आजी तो गुंडाळून भिंतीच्या फटीत नाहीतर पिशवीत ठेवतात आणि "केसावर भांडीऽऽ" अशी आरोळी आली की बाहेर काढतात. तो गुंता पुढं कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातो. तिथं बायका तासन्‌तास बसून एकेक केस हातानं सोडवतात, लांबीप्रमाणं लावतात. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. या केसांची मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात, म्हणून बहुतेकदा खवले रसायनानं काढून टाकतात. नाहीतर परत गुंता होतो. स्वस्त पट्टी चार-पाच वेळा धुतली की राठ का होते, याचं एक मोठं कारण हे. आणि पट्टीतला एक केस जाळून बघा. वितळून गोळी झाली तर तो केसच नाही, प्लास्टिकचा धागा आहे.

हा धंदा एवढा मोठा आहे की कच्च्या केसांची तस्करी व्हायला लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

लग्नानंतर आठवड्यानं आमच्या दारात भांडीवाली आली. आईनं सहा-सात महिन्यांची पिशवी आणली. तिनं ती हातावर तोलली आणि स्टीलची एक वाटी पुढं केली. आई म्हणाली, "ताई, झाकण तरी द्या." ती म्हणाली, "मला तरी काय सुटतंय, वहिनी?" दोघी खरं बोलत होत्या. बहिणीचं पाकीट त्या वाटीच्या कितीतरी पट महाग होतं आणि मधला पैसा या दोघींपैकी कुणालाच दिसला नव्हता.

क्लिप-इन बिनधास्त लावा मंडळी. फक्त दुकानात एकदा विचारा, हे केस कुठले? उत्तर बहुतेक मिळणार नाही. पण विचारा.

आणि तुमच्या आजीला गंगावनाबद्दल विचारून, तिच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!